सहा-दहाचा ठोका

विनिपेगमध्ये आज उणे सत्तावीस.
मल्टिमीटरचे आकडेसुद्धा गारठलेत,
एक पुसल्याशिवाय दुसरा उमटत नाही.
उमटतो तेव्हा: बारा पॉइंट चार.
म्हणजे बॅटरी बरी. फ्यूजही बरा, दोनदा काढून बघितला.
मग डिकीत अँपवर हा लाल दिवा कशाचा?

रात्रपाळी करून आलोय, डुकराचं मांस कापायच्या कारखान्यातून.
हातमोजे घालून स्क्रू धरता येत नाही,
काढले तर स्क्रूच मला धरतो.

अँप अर्नुल्फोचा, माझ्या आत्येभावाचा.
तेलाच्या खाणीवर कामाला जाताना म्हणाला,
"घे रोदेल, हा कधी दगा देत नाही."
तेव्हा त्याच्याकडून
तीन महिन्यांचं भाडं यायचं होतं.

सबवूफर सोडवला. कॉइल मोजली: तीन पॉइंट सात.
शंकूवर तळवा ठेवून हलकेच दाबला,
थंडीनं कडक झालाय, पण खरखर नाही.
पुन्हा जोडला. गाडी बंद, चालू.
दिवा हिरवा!
गाणं हळू ठेवलं, हिरवा.
आवाज चढवला
आणि पहिला ठोका पडतो न पडतो तोच
लाल.

मीटर अँपच्या तोंडाशी धरून पुन्हा तेच केलं.
निवांत असताना बारा पॉइंट चार,
मागायला गेलं की नऊ.
अशी माणसं माझ्या ओळखीची आहेत.

तेवढ्यात शेजारचं दार वाजलं.
ओरिसियाबाई. नवऱ्याचा कोट, पायात लोकरी बूट,
हातात टॉर्च.
मी आधीच म्हणालो, "बंदच आहे, बाई. तीन आठवडे झाले."
कारण सप्टेंबरात तिनंच पालिकेला फोन केला होता,
कपाटातले कप नाचतात म्हणून.

"तेच विचारायला आले," ती म्हणाली.
"तू सहा-दहाला यायचास. कप वाजायचे.
कप वाजले की मी रक्तदाबाची गोळी घ्यायची.
आता कधी घेते, कधी दोनदा घेते."

मला काय बोलावं कळेना.
नाकातलं पाणी गोठत होतं.
तिनं टॉर्च डिकीत मारला, जशी काही
उशिरा आलेल्या पोराच्या ताटात बघतेय.

"लाल तार बॅटरीकडे जाते. काळी कुठे जाते?"
"सीटच्या बोल्टखाली."
"रंगावर?"

मी गप्प.

"ओस्टाप रेल्वेच्या कारखान्यात एकतीस वर्षं वेल्डर होता.
म्हणायचा, रंगावर काही धरत नाही.
दिसायला जोडलेलं दिसतं, एवढंच."
आणि आत जाऊन त्याची कानस घेऊन आली,
मूठ त्याच्याच घामानं काळी झालेली.

बोल्ट सोडवायला अर्धा तास.
मग घासत बसलो, गुडघे बर्फात.
आधी निळा रंग गेला, मग करडा अस्तर,
मग नखाएवढं लोखंड उघडं पडलं,
इतकं स्वच्छ की लाज वाटली.
ती टॉर्च धरून उभी. हात कापत होता,
उजेड सारखा माझ्या कानाकडे सरकायचा.

तार दाबून बसवली. बोल्ट आवळला.
ती घरात गेली. मी गाडीत.
सात वाजून गेले होते, पण त्याला इलाज नव्हता.

हळूच लावलं.
खिडकीत ती: मान हलवली, नाही.
थोडं वाढवलं. नाही.
तिनं बोट वर केलं, अजून एक,
भाजी वाढून घेणाऱ्यासारखं.
वाढवलं.
छातीत, सीटमध्ये, समोरच्या काचेवरच्या बर्फात
एकदम तो जाड, गोल ठोका.
मीटरवर बारा पॉइंट एक. दिवा हिरवा.

काचेपलीकडचे कप मला ऐकू येणं शक्य नव्हतं.
तिनं पेला उचलला,
पाणी हलतंय हे नीट पाहून घेतलं
आणि मग गोळी तोंडात टाकली.

कानस अजून माझ्या खिशात आहे.
उद्या देतो म्हणून तीन उद्या झाले.
तिनंही मागितली नाही.