ळ

चौथीचा वर्ग, सकाळची शाळा, एप्रिल.
साडेआठलाच पत्रे तापून कडकडायला लागलेले.
मी श्रुतलेखन घेतलं :
फळा. केळी. गूळ. डोळा. आभाळ.
सत्तावीस पेन्सिली चालल्या
आणि सत्तावीस वह्यांत उमटलं
फया, केयी, गुय, डोया, आभाय.

गावाच्या तिन्ही अंगांनी केळीच, चौथ्या अंगाला तापी.
रात्री ट्रक भरतात, काट्यावरची पावती
'केळी' असं स्वच्छ छापून देते,
आणि ती खिशात घालणारा माणूस
केयीचा भाव विचारत घरी जातो.

मी म्हटलं, जीभ मागे वळवा,
टाळूला लावा, आता सोडा.
वर्गभर ळ ळ ळ,
गरम बटाटा तोंडात फिरवल्यासारखं.
कल्पेशचे पुढचे दोन दात पडलेले.
त्यालाच सगळ्यांत आधी जमलं.

पण गुरुवारी केंद्रप्रमुख येणार होते.
मी घाई केली. फळ्यावर चौकट आखून लिहिलं :
'घरी जिथे य म्हणतो, तिथे वहीत ळ लिहायचा.'
चौकटीला रंगीत खडूची वेलबुट्टीही काढली.
खरं सांगते, मला तो नियम फार आवडला होता.

गुरुवारी निबंध. 'माझे घर'. दहा ओळी.
दुसऱ्या बाकावरच्या मुलीने लिहिलं :

माझे नाव देवळानी कोळी.
माझी माळ केळीच्या गाडीवर कामाला जाते.
आमच्याकडे एक गाळ आहे. ती दूध देते.
तिचा मागचा पाळ लंगडतो.
बाबा सकाळी चाळ पितात.

केंद्रप्रमुखांनी मोठ्याने वाचलं,
चष्मा काढून डोळे पुसले. गाळ दूध देते!
मीही हसले.
देवयानी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती.
"आते बराबर शे ना, बाई?"

डी.एड.ला नाशिकला असताना
पाठ घेता घेता मी 'काये ढग' म्हणाले होते.
मागच्या बाकावरून कुणीतरी ते परत म्हणालं,
नुसतं तेवढंच, माझ्याच सुरात.
त्या रात्री होस्टेलच्या आरशात
मी जीभ वळवत बसले, पार दुखेपर्यंत.
पुढच्या रविवारी एसटीडीवरून घरी फोन लावला,
म्हटलं, शाळा बरी चाललीय.
पलीकडे आई क्षणभर गप्प.
मग म्हणाली, "कोन बोली ऱ्हायनं?"

केंद्रप्रमुख चहा घेऊन गेले.
मी चौकट पुसली, वेलबुट्टीसकट.
देवयानीला जवळ बोलावलं, सांगितलं,
नियम चुकला. तुझा नव्हे, माझा.
माय, गाय, पाय, चाय,
यांचा य पहिल्यापासून य-च आहे, पुस्तकातसुद्धा.
"मंग माळ?"
माळ वेगळी. ळ-ची.
"घर तं दोन्हीस्ले मायच म्हंतस.
वळखानं कसं?"
मी म्हटलं, गळ्यात घालतात ती माळ.
तिने थोडा विचार केला.
"माय बी गयामा पडस, बाई."

याला डी.एड.मध्ये उत्तर शिकवलेलं नाही.
मी म्हटलं, पाठ कर. एकेक शब्द पाठच करायचा.
दहापैकी सहा दिले, मग खोडून सात.

ती जागेवर गेली. खोडरबर कुणाकडे तरी गेलेला,
म्हणून बोट जिभेला लावून
दुसऱ्या ओळीतला ळ पुसायला बसली.
पुसत राहिली, पुसत राहिली,
शेवटी कागदच गेला.
वही माझ्यापुढे धरून उभी राहिली, काही न बोलता.
जिथे आई असायची तिथे एक ओलसर भोक,
आणि त्यातून खालच्या पानावरची
बुधवारची बेरीज दिसत होती :
हातचा एक.