काळी एक

आमच्याकडे गुरुवारी मासे चालत नाहीत.
म्हणजे आम्हाला चालतात, गिऱ्हाइकांना चालत नाहीत.
भांडुपच्या या उतारावर
दर तिसऱ्या घरात दत्तगुरूंची तसबीर,
आणि आमच्या बोर्डावर
हातभर लांब सुरमई, शेपटीपाशी रंग उडालेली.

म्हणून गाणं सुरू झालं.
कलेची सेवा वगैरे लोक नंतर म्हणायला लागले.
खरं सांगायचं तर सात टेबलं, दोन गिऱ्हाइकं
आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं आटत चाललेलं.

कुबलकाका टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त.
पेटी आणली ती भात्याला चिकटपट्टी लावलेली.
हात धुवायच्या बेसिनशेजारी बसले,
दुसरी जागाच नव्हती.
डोळे मिटून जरा वेळ गप्प. मग म्हणाले,
"तुमचा एक्झॉस्ट काळी एकमध्ये आहे."

मला वाटलं, तक्रार करतायत.
मी गल्ल्यावरूनच ओरडले, "सर्व्हिसिंग करून घेते हो!"
"नको, नको," म्हणाले,
"हात लावू नका त्याला."

तेव्हापासून तंबोरा आलाच नाही आमच्यात.
भटारखान्याच्या भिंतीतला तो काजळीभरला पंखा
सात ते अकरा षड्ज धरून असायचा,
खोबऱ्या-लसणीच्या वासाचा षड्ज.
टेम्पोवाला नसरुद्दीन त्यावर गायचा.
घाडीबाई त्याच्याच पंचमावर, काळी चारमध्ये,
दर गुरुवारी तेच गाणं,
दर गुरुवारी दुसऱ्या अंतऱ्याला अडखळून
"पुढचं पुढच्या वेळी" म्हणत सोलकढी मागायच्या.
रक्ततपासणीच्या लॅबमधली हर्षाली
गिटारच्या खुंट्या पिळत बसायची
भिंतीला कान लावून.
नवं गिऱ्हाईक म्हणायचं, मशीनचा आवाज जरा कमी करा.
आमचे जुने सगळे वळून त्याच्याकडे बघायचे.

मग पहिल्या मजल्यावरच्या नाईकसाहेबांनी अर्ज दिला.
गाण्याविरुद्ध नव्हे. पंख्याविरुद्ध.
गाणी त्यांना वरून फुकट ऐकू यायची.

नवा पंखा बुधवारी बसला.
पांढरा, गुळगुळीत, चालू आहे की बंद
ते कागद धरून बघावं लागे.

गुरुवारी कुबलकाकांनी भाता उघडला
आणि तसाच धरून ठेवला.
नसरुद्दीननं सूर लावला, सोडला,
पुन्हा लावला, खाकरला, पाणी प्याला.
सगळा हॉल मोकळा पडल्यासारखा,
वाटीत चमचा ठेवला तरी ऐकू जाई.
घाडीबाई म्हणाल्या,
"सूर खंय गेलो गो?"
मीच तो विकून खाल्ल्यासारखं माझ्याकडे बघत.

मला काय बोलावं कळेना. मी नोटा पुन्हा मोजल्या.

आणि खिडकीतून,
जिथून ताटं बाहेर येतात त्या खिडकीतून,
आधी मला वाटलं जुनाच कुणी परत लावला,
तसा जाडसर, मिटल्या तोंडाचा, न हलणारा आवाज आला.

शेवंती.
अकरा वर्षं त्या पंख्याखाली भाकऱ्या थापणारी,
एकदाही बाहेर येऊन न बसलेली.
कुबलकाकांनी पट्टी दाबून बघितली.
काळी एक. केसभरही इकडे-तिकडे नाही.

दोन गाणी झाली त्या सुरावर.
घाडीबाई दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत गेल्या आणि अडखळल्याच,
ते काही बदललं नाही.
मग आतून करपल्याचा वास आला,
आणि सूर मध्येच तुटून
"मेली माझी भाकरी!" ऐकू आलं.
सगळे हसले. तीही हसली असावी,
माझ्या जागेवरून दिसत नाही.

आता ती दर गुरुवारी पगाराचे दोनशे जास्त मागते.
देते मी.
जुना पंखा माळ्यावर आहे, गोणपाटात.
भंगारवाला तीनदा येऊन गेला.
वजनावर घेतो म्हणाला.