एकशेवीसची घंटी

सोहारला उतरलो तेव्हा अरबाबकडे
एक पिकअप, एक लँड क्रूझर,
आणि डोंगराकडे जाणारा रस्ता
अर्धा डांबराचा, अर्धा ज्याच्या त्याच्या अंदाजाचा.

चाक डावीकडे.
बाणकोटच्या टेंपोवर घासलेला माझा डावा हात
गिअर शोधायला जायचा आणि दरवाज्याला आपटायचा.
टेस्टला तीनदा नापास. पोलीस हसला,
माणसाचा व्हिसा झालाय, हाताचा राहिलाय.

वाळूत शिरण्याआधी टायरची हवा सोडायची,
व्हॉल्व्हमध्ये काडी खुपसून, मनात शंभर मोजत.
बंपरला पाण्याची किंतानी पिशवी.
कुठला नट रुसलाय ते
सीटखालून मांडीला कळायचं.

आणि ती घंटी.
काटा एकशेवीसच्या पुढे सरकला
की डॅशबोर्डातून टिंग टिंग, टिंग टिंग,
आइस्फ्रूटवाला आत अडकल्यासारखा.
काप ती वायर, अरबाब म्हणायचे.
मी नाही कापली.
मागे काहव्याच्या थर्मासला टेकून त्यांची बदरिया
एकशेएकोणीसलाच तोंडाने घंटी वाजवायची.

तिला मीच शिकवली. कोरड्या वादीत,
पाय पुरावेत म्हणून पाठीमागे तांदळाची गोणी.
श्वय श्वय, बाई.
क्लच सोडायचा तो झोपलेल्या पोराखालून
हात काढून घेतो तसा.

रजेवर गावी गेलो की आता उजवा हात आपटायचा.
रुकैया म्हणायची,
गाडी चालवताय की कुणाला दार उघडताय?
चव्वेचाळीस वर्षांत धड एका देशात
हात बसला नाही.

मग गिअर गेला.
किल्ली गेली, म्हणजे खिशात नुसती असली तरी भागतं.
बॉनेट उघडलं तर वर काळं झाकण,
बोट घालायला जागा नाही.
चौकातलं गोल काढून वर पूल टाकला,
‘दुसऱ्या गोलावरून आत’ असा पत्ता सांगणारे
आम्ही पुलाखाली राहिलो.
गाडीतली बाई रस्ता सांगू लागली,
तिचं अरबी माझ्याहून चांगलं.
डोळ्यांच्या तपासणीत मी शेवटची ओळ पाठ म्हणून दाखवली.
डॉक्टरने तक्ताच बदलला.

आज मस्कतच्या विमानतळावर मला सोडायला
बदरियाची लेक लमीस निघालीय.
गाडी विजेची. चाकावर तिचं एक बोट,
तेही बहुधा माझ्या समाधानासाठी.
मी पुढे बसलोय, उजवीकडे.
बाणकोटला ही जागा चालवणाऱ्याची.
समोर चाक नाही, नुसता टिश्यूचा डबा.

शिनास नाही, सहम नाही, खाबूरा मागे पडलं
ते पाटीवरून कळलं.
आवाज नाही. फ्रिजचा असतो तेवढाही नाही.
आकडा एकशेअठरा. एकशेएकोणीस.
एकशेबावीस झाला तरी गाडी गप्प.

तेवढ्यात मागच्या सीटवरून,
गुडघ्यांना बाम लावता लावता, बदरिया:
टिंग टिंग.
टिंग टिंग.

लमीसला काही कळलं नाही.
माझा पाय मात्र
खालच्या मॅटवरून उचलला गेला.