टिंबाआधी

स्लेटर आजोबांनी तिसऱ्यांदा चष्मा पुसला.
सकाळी एक्केचाळीस पेट्या हॅडॉक उतरला होता,
स्वतः मोजलेला, बोटं बधिर होईपर्यंत,
आणि पडद्यावर एकूण: दोनशे ऐंशी.

“दोनशे ऐंशी हे डिझेल आहे,” मॉर्व्हेन म्हणाली.
“लिटर. माझ्या फाइलमधलं.
ती तुम्ही तुमच्या फाइलीत अख्खी ओतलीत.
तुमचंही ‘एकूण’, माझंही ‘एकूण’.”
“मग यंत्र ओरडलं का नाही?”
“ते कशाला ओरडेल? त्याच्या लेखी
शेवटी आला तो घरमालक.”

बाहेर धक्क्यावर वारा. स्कॉटलंडच्या या टोकाला
तो वर्षभर कुणाचं ना कुणाचं दार आपटत असतो.

“आत्ता या खिडकीतून
‘जेम्स स्लेटर’ अशी हाक मारली, तर ओ किती येतील?”
आजोबा बोटांवर मोजतात. “सहा.
इस्पितळातला धरला तर सात.”
“आणि गोंधळ होत नाही?”
“कसा होईल? तो शेवी, दीपस्तंभाखालचा तो कॉस्टी,
आम्ही डोझी. बापजाद्यांपासून.
पोस्टमन पाकिटावर आधी ते बघतो, मग स्लेटर.”

“झालं तर. यालाच नेमस्पेस म्हणतात.
हॅडॉक टिंब एकूण.
डिझेल टिंब एकूण.”

(लिहिताना मी टिंबाच्या जागी ‘चं’ वाचते.
हॅडॉकचं एकूण, डिझेलचं एकूण.
एवढंसं अक्षर, अख्खी भावकी सांभाळतं.)

“आणि घरात आई काय म्हणायची तुम्हाला?”
“जिम. नुसतं जिम.”
“उंबऱ्याच्या आत नुसतं चालतं.
यंत्रही आधी घरातच शोधतं,
नाही सापडलं तर गल्लीत, मग गावभर.”

आजोबा बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, “तार आली होती. मी नऊ वर्षांचा.
बोट बुडाली, आणि खाली जेम्स स्लेटर.
पुढे काही नाही.
तारवाला नवा, परगावचा, त्याला काय माहीत.
शेवीच्या दारात देऊन गेला.
शेवीची बायको दुपारभर रडली,
शेजारणी जमल्या, कुणी घड्याळ थांबवलं.
आणि वरच्या आळीला आमच्याकडे
आईने मासे तळले,
वडिलांचा वाटा ताटाखाली झाकून ठेवला.

संध्याकाळी शेवी शीळ घालत घरी आला.
तेव्हा सगळ्यांनी वर पाहिलं,
आमच्या घराकडे.”

मॉर्व्हेनने कीबोर्ड त्यांच्या बाजूला सरकवला.
एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, हॅडॉक.
टिंबाची कळ जरा जास्तच वेळ दाबली गेली,
तीन उमटली.
दोन त्यांनी खोडली.