एंडपॉइंट

पहाटे दोन चाळीसला फोन:
सात नंबरच्या चेंबरनं लॉट अडवलाय.
सोळावा वेफर अर्धवट कोरलेला.
पंधरा आधीच होऊन गेलेत. नऊ अजून कोरे.

शिनचूचा वारा हेल्मेटच्या काचेवर थपडा मारतो.
मग टोपी, मास्क, बूट, हातमोज्यांवर हातमोजे.
उरतात डोळे, आणि छातीवर आडनाव: फान.

मशीनच्या डोक्यावर
खोबऱ्याच्या चवीच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट.
हिरवंच लागतं, पिवळ्यानं मशीन रुसतं.
तारीख उलटलेली चालत नाही.
इथे डॉक्टरेट झालेली माणसंही आधी पाकिटाची तारीख बघतात,
मग एरर लॉग.
मी बघितली. अजून चार महिने आहेत.
म्हणजे चूक आमचीच.

छोट्या खिडकीआड जांभळा उजेड.
त्यात वायू फुटतात, पिसाळतात, आणि सरळ खाली उतरतात.
सरळ! लिहायला काय जातं.
केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढं भोक,
रुंदीच्या पन्नासपट खोल,
आणि भिंतीला खरचटता कामा नये.
थांबायचं केव्हा, ते उजेडच सांगतो:
थर संपला की आलेखातली एक रेघ ढासळते.
आज ढासळली नाही.
किंवा ढासळली, आणि धुरकटलेल्या खिडकीनं आम्हाला कळवलं नाही.

"तीन सेकंद जास्त गेले असतील," पंग म्हणतो.
असतील.
पंधरांचं काय झालं ते कळायला
त्यांतला एक मोडावा लागेल.

आई शिनपूला पर्सिमन सोलते.
माझी स्कूटर ढकलणारा वारा
तिच्या टोपल्यांतली फळं सुकवतो.
एकदा तिनं विचारलं, तू तिथे बनवतेस तरी काय?
म्हटलं, बनवत नाही गं, काढून टाकते.
"मग माझंच काम की," ती म्हणाली,
"फक्त तुमची सालं महाग."
सुरीकडे न बघता सोलत होती.
थांबायचं कसं कळतं, विचारलं,
तर म्हणाली, कुणाला?

पाच वाजता सूक्ष्मदर्शकाखाली आडवा छेद.
भिंती उभ्या. तळाचा थर शाबूत,
पण डाव्या कोपऱ्यात एक खोबण,
नखानं ओरखडावी तशी.
"सोडायचे पुढे?" पंग विचारतो.
मी आकडा टाकते. पुसते. पुन्हा तोच टाकते.

मोजे काढले तर अंगठा
घामानं पांढरा, सुरकुतलेला,
तिसऱ्या दिवशीच्या फळासारखा.