राजाला मेण लावताना

जुलैत आम्ही राजाला आंघोळ घालतो.
आधी नुसतं पाणी, मग साबण, मग मऊ ब्रश.
घोड्याच्या पोटाखाली आडवी होऊन
मी कबुतरांचं वर्षभराचं देणं खरवडते,
आणि वर, शिडीवर, डेसमंड
ब्लोटॉर्चने ब्राँझ तापवतो,
हाताला चटका बसेल इतपतच.
मग मेण. ते मुरलं की धातू
ओल्या जांभळासारखा दिसतो.

सेंट्रल पार्क, कासवांच्या तळ्याची पूर्वेची कड.
येणारेजाणारे विचारतात, हा कोण?
डोक्यावर दोन तलवारींची फुली धरून
काय सांगतोय, रस्ता बंद?

पंधरा तारखेला ओल्गिएर्द येतो
ग्रीनपॉइंटहून, दोनदा सबवे बदलून,
काखेत घडीची खुर्ची.
वय त्र्याऐंशी. गोदीत चाळीस वर्षं पाइप जोडले,
म्हणून आमची ज्योत बघून नाक मुरडतो.
"माझं नाव यागिएवोच्या बापाचं," दरवर्षी सांगतो,
"म्हणजे राजा माझा मुलगा. कानामागे नीट पुसा."

त्याच्याकडूनच कळलं:
चौदाशे दहा, हाच दिवस, ग्रुनवाल्डचं माळरान.
ऊन चढलेलं. समोर पांढऱ्या झग्यांवर काळे क्रूस,
आणि राजा प्रार्थनेला बसलेला, उठायचं नाव नाही.
शेवटी शत्रूचेच दूत आले. हातात दोन नंग्या तलवारी:
एक तुला, एक तुझ्या चुलतभावाला,
हिंमत कमी पडत असेल तर असू दे.
मी म्हटलं, आमच्याकडे यासाठी बांगड्या पाठवतात.
त्याला तीनदा फोड करून सांगावं लागलं,
मग इतका हसला की खुर्ची कलंडली.

राजाने तलवारी ठेवून घेतल्या.
लढाई जिंकला, पण मागे उभं राहून, हुकूम देत.
एक स्वार भाला रोखून थेट अंगावर आला
तेव्हा वाचवलं कुणी? कारकुनाने.
"हे पुतळ्यात नाही," ओल्गिएर्द म्हणतो.
माल्बोर्कच्या किल्ल्याला वेढा घातला, किल्ला मिळाला नाही.
तेही पुतळ्यात नाही.
आणि त्या तलवारी राज्याभिषेकांत मिरवल्या,
मग झारच्या शिपायांनी उचलून नेल्या.
पुन्हा कुणाला दिसल्या नाहीत.
"आता आहेत त्या ह्याच. तुझ्या फडक्याखाली."

राजा इथे पाहुणा म्हणून आला होता,
एकोणचाळीसच्या जागतिक प्रदर्शनाला,
क्वीन्समध्ये, आपल्या देशाच्या दालनापुढे उभं राहायला.
सप्टेंबर आला, आणि परतायला देशच राहिला नाही.

अशी माणसं मी ओळखते.
सुटकेस आधी दाराशी असते,
मग पलंगाखाली,
मग तिच्यात थंडीचे कपडे ठेवायला लागतात.
माझीत ठेवलेत.

"मेला कसा?" यंदा मी विचारलं.
एवढा लढवय्या, मला वाटलं रणात.
नाही. म्हातारा झाला होता.
वसंतातल्या एका गार रात्री
रानात नाइटिंगेल ऐकत बसला, उठलाच नाही वेळेवर.
सर्दी झाली, ताप आला, संपला.
या पक्ष्याला मराठीत नाव नाही.
कोकीळ म्हटलं तर चुकतं, बुलबुल म्हटलं तरी.

सहा वाजले. डेसमंडने ज्योत विझवली.
ओल्गिएर्द उठून घोड्याच्या खुरावर तळवा ठेवतो,
अजून कोमट आहे.
इथे नाइटिंगेल नाहीत.
झुडपात एक मॉकिंगबर्ड आहे,
तो अँब्युलन्सची नक्कल करतो,
मग गाडीच्या अलार्मची, मग मध्येच
कुठून आणलेली, कुणाची कोण जाणे, एक लांब तान.

तळ्यावरून वारा सुटला.
"आजोबा, स्वेटर घाला," मी म्हटलं.
त्याने बोट वर केलं.
"थांब. होऊ दे त्याचं."