कायतान डि'सा, वय एकशे सत्तेचाळीस

वेर्ण्याच्या पठारावर, काचेच्या इमारतीत,
माझं काम एवढंच:
कुणी मन लावून बांधलेलं
वाकड्यात शिरून वापरायचं.

जन्मतारीख विचारली, तर तीस फेब्रुवारी.
वजन? उणे चार किलो.
मोबाईल नंबराच्या जागी ‘उद्या सांगते’.
ॲप रागावलं तर बरं.
गप्प बसून सगळं मान्य केलं
की समजायचं, आत काहीतरी कुजलंय.

दवाखान्याच्या टोकनाचं काम आलं,
पेशंट हवा होता, म्हणून मी कायतान डि'सा केला.
वय एकशे सत्तेचाळीस. हूं की चूं न करता घेतलं.
पण आडनावातल्या त्या लटकत्या स्वल्पविरामानं
अख्खा डेटाबेस आडवा.
नेव्हिल म्हणाला, “माझ्या मशीनवर चालतं.”
म्हटलं, मग तुझं मशीनच पाठव रांगेत,
अर्ध्या सासष्टीच्या नावात तो स्वल्पविराम आहे बाबा.

तेव्हापासून कायतान माझा.
दिवसातून चाळीसदा त्याला ताप आणते,
बाळंतपणासाठी डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडते,
तो बिचारा जातो.
एकदा मयत म्हणून नोंदवला आणि टोकन मागितलं.
मिळालं. नंबर नव्वद, दुपारी सव्वातीन.
नेव्हिलनं शेरा मारला: किरकोळ.
मी खोडून लिहिलं: गंभीर.
त्यानं पुन्हा किरकोळ.
मी पुन्हा.

शिरोड्याला घरी आई विचारते, दिवसभर करतेस काय गो?
चुका काढते.
“ताचे पयशे मेळटात?”
आई थोडा वेळ बांगड्याचं पोट साफ करत राहिली.
“तुझी आते जन्मभर फुकट काढत आली.”

आज शुक्रवार. सोमवारी खरे लोक येणार,
खरे ताप, खऱ्या तारखा घेऊन.
खोटी माणसं पुसून टाका, असा मेल आलाय.
शंभरेक होती. भराभर गेली.
कायतानवर बोट ठेवलं, तर पडदा विचारतो:
खात्री आहे का?

हा प्रश्न इथे नव्हता.
मीच भांडून घालायला लावला होता,
बग क्रमांक चारशे बारा:
‘माणूस काढताना कुणी काही विचारत नाही.’

खाली बोरीच्या बसनं दुसऱ्यांदा हॉर्न दिला.
नेव्हिल लॅपटॉप मिटतोय.
नव्वद नंबर
अजून कुणी पुकारलेला नाही.